साडेतीन फुटांचं दुखणं

पेशंट बरा झाला की फाईल घेऊन घरी जातो, पण त्याचा किस्सा माझ्याकडेच राहतो. मी फिजिओथेरपिस्ट. पेणमध्ये माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे आणि आठवड्यातले दोन दिवस मी रोह्याला बसते. लोक मान, कंबर, गुडघे घेऊन येतात आणि मला मुळातच चौकशा फार! 'कुठे दुखतं' एवढ्यावर माझं भागत नाही. काय करताना दुखतं, आधी काय लावून झालं, घरी कोण म्हणालं दाखवून ये, सगळं हवं असतं. मग किस्से साठणारच.

आमच्या धंद्यात एक प्रश्न विचारावाच लागतो. "शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. तुमचं किती दुखतं?" कॉलेजात शिकताना हा प्रश्न फार सोपा वाटला होता.

रोह्याला एका कंपनीतले एक ऑपरेटर कंबर घेऊन आले. त्यांनी लगेच उत्तर दिलं. "फर्स्ट शिफ्टला तीन. नाईटला आठ."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

त्यांनी बाहेर बसलेल्या बायकोकडे एकदा बघून आवाज खाली आणला. "सुट्टीला काय नाय. फक्त दळणाचा डबा उचलायचा असला की नऊ."

*

गागोद्याच्या एक आजी आहेत. त्यांना हाच प्रश्न विचारला तर म्हणाल्या, "पास व्हायला किती लागतात गो?"

आजींची पाठ महिनाभरात चांगली सुधारली. मी म्हटलं, आता यायची गरज नाही. तरी पुढच्या सोमवारी आजी हजर, पिशवीत वालाच्या शेंगा. सरळ कॉटवर पालथ्या झाल्या आणि म्हणाल्या, शेक दे. मी गरम पॅक ठेवला. पंधरा मिनिटं आजी डोळे मिटून पडल्या होत्या, चेहऱ्यावर नुसतं सुख.

उठल्यावर मी विचारलं, "आजी, खरं सांगा, काय दुखतंय?"

"काय नाय. घरी आडवी झाले की सगले इचारतात, काय झालं, काय झालं. हितं कोन इचारत नाय."

मी तेच विचारत होते हे लक्षात आल्यावर मला हसू आलं. अजूनही त्या येतात आणि मी गप्प बसते.

*

आता अनंतकाका. काका पेणच्या एका गणपती कारखान्यात आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे काढतात. उजवा खांदा आखडला म्हणून काकू त्यांना घेऊन आल्या. मी माझा ठरलेला प्रश्न विचारला. काकांनी बराच विचार केला.

"दीड फुटापर्यंत दुखत नाय. दोन फुटी गनपतीला हात गेला की कळ येते."

मला काही कळेना. मग समजलं की काका कायम मांडी घालून, मूर्तीसमोर बसूनच डोळे काढतात. मूर्ती जेवढी उंच तेवढा हात वर. मी म्हटलं, मोठ्या मूर्तीला उभे राहा की!

"उभं राहून काढले तर देव भिंतीकडं बघतो," काका म्हणाले. "समोर बसलेल्या मानसाकडं बघाया पायजे."

काकांना साडेतीन फुटांपर्यंत पोचायचं होतं. काकूंच्या माहेरी, निडीला, दर वर्षी तेवढी मूर्ती जाते आणि लग्न झालं त्या वर्षापासून तिचे डोळे काकांनीच काढलेत. कारखान्यात दुसरे आखणीवाले होते. पण काकू म्हणाल्या, "दुसऱ्यानं काढले तर माझे भाऊ काय बोलनार नाय. पन मला कळंल ना."

त्या दिवसापासून मी काकांच्या फाईलवर खांद्याचे अंश लिहायचं सोडलं आणि फूट लिहायला लागले.

माझ्या भिंतीवर एक तक्ता आहे. त्यावर सहा चेहरे, पहिला हसरा, शेवटचा रडका. ज्यांना आकड्यात सांगता येत नाही त्यांनी चेहऱ्यावर बोट ठेवायचं. काका एकदा व्यायाम सोडून त्या तक्त्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, आज फारच दुखतंय. मी विचारलं, "कुठला?"

त्यांनी शेवटच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "ह्याचे डोळे चुकलेत. रडनारा मानूस असा बघत नाय."

*

रोह्याचे हमीदचाचा वीस वर्षं कुवेतला ड्रायव्हर होते. त्यांच्या पुतण्याने तिकडून एक ट्यूब पाठवली. अख्खी अरबी, वर पायाचं चित्र. चाचांनी ती गुडघ्याला लावली, त्यांना बरं वाटलं, आणि मग ती गल्लीभर फिरली. कुणी कंबरेला लावली, कुणी मानेला.

मला उत्सुकता, हे औषध तरी कसलं? मी चाचांना पुतण्याला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. त्याने ट्यूब बघितली आणि हसतच सुटला. ती भेगाळलेल्या टाचा मऊ करायची क्रीम होती!

 चाचांनी पायजमा वर करून गुडघा माझ्यापुढे केला. "दुखतंय तेवढंच, डॉक्टर. पन हात लावून बघा, मऊ झालाय."

*

अनंतकाकांचा हात अडीच फुटांवर येऊन अडकला. गणपती पंधरा दिवसांवर. भिंतीवर बोटं चढवणं झालं, दोरी झाली, शेक झाला, मशीन झालं, पण अडीचचे पावणेतीन होईनात. काका बोलायचे कमी झाले आणि मला खरंच धास्ती वाटायला लागली.

मूर्ती न्यायला निडीचा टेम्पो यायच्या आदल्या दिवशी मी क्लिनिक बंद करून कारखान्यात गेले. रंगवलेली साडेतीन फुटी मूर्ती चौरंगावर होती, डोळ्यांच्या जागा कोऱ्या. काका समोर मांडी घालून बसले. ब्रश उचलला. हात सोंडेपर्यंत गेला आणि खाली आला. दुसऱ्यांदाही तेच. बाकीच्यांनी आपापली कामं थांबवली.

काकू कोपऱ्यात चहाचा थर्मास घेऊन बसल्या होत्या. त्या उठल्या, काकांच्या मागे येऊन गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांच्या कोपराखाली तळहात धरला. घरच्या व्यायामासाठी मीच त्यांना ते शिकवलं होतं. वर ढकलायचं नाही, फक्त हाताचा भार आपल्याकडे घ्यायचा. काकांचा हात सोंडेच्या वर गेला. उजवा डोळा झाला. थोडं थांबून डावा झाला.

काकांनी ब्रश खाली ठेवला आणि मान मागे करून बघितलं.

"डावा उजव्यासारका आलाय का गो?"

काकूंचा हात अजून कोपराखालीच होता. "मला काय ठाव? मी डोळे मिटून बसले व्हते."