दोन दिवस तो कुणाचं पाणी प्यायला?

येशूने माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.

म्हणजे नाटकातल्या येशूने. मी चौदा वर्षांची होते. सीवूड्सच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आमच्या ख्रिस्ती मंडळीचा वर्धापनदिन होता. मे महिना. पंखे गरम वारा ढकलत होते. मधोमध थर्माकोलची विहीर, तिला विटांचा रंग दिलेला. विहिरीच्या अलीकडे मी, आईची साडी नेसून. पलीकडे पांढऱ्या चादरीत गुंडाळलेला येशू. तो मंडळीच्या सेक्रेटरींचा मुलगा. माझ्याहून वर्षाने मोठा.

हॉलमध्ये गोष्ट सगळ्यांना पाठ होती. ज्यांना नसेल त्यांच्यासाठी सांगते. येशू चालून चालून दमतो आणि परक्या गावाच्या विहिरीवर बसतो. भर दुपारी एक बाई पाण्याला येते. ती शोमरोनी. यहुदी माणूस त्या लोकांच्या भांड्याला शिवत नसे. येशू तिच्याकडे पाणी मागतो. ती चकित होते. मग बोलता बोलता आपण कोण आहोत ते तो तिला सांगतो.

तालमीत माझ्या हातातला तांब्या रिकामा असायचा. तो तोंडाला लावल्यासारखं करायचा आणि पुढचं बोलायचा. त्या दिवशी तांब्यात पाणी होतं.

"बाई, मला प्यायला पाणी दे," तो म्हणाला.

मी तांब्या पुढे केला. त्याने हात उचलला. मग पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिथे त्याची आई बसली होती. तिला सगळे काकू म्हणायचे. काकूंनी मान हलवली. जराशीच. नको.

तो विहिरीमागे वाकला आणि पाण्याची सीलबंद बाटली काढली. आधीच ठेवलेली होती. झाकण मोडल्याचा आवाज माइकमधून अख्ख्या हॉलभर गेला. तो घटाघटा प्यायला.

कुणीतरी हसलं. मग सगळे हसले. मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेबसुद्धा.

माझा हात पुढेच होता. तो जिवंत पाण्याबद्दल बोलला, जे प्यायल्यावर पुन्हा तहान लागत नाही. पुढचं वाक्य माझं होतं.

"महाराज, ते पाणी मला द्या. म्हणजे मला पुन्हा तहान लागायची नाही."

त्याच्या हातात बाटली. माझ्या हातात भरलेला तांब्या. आणि पाणी मागतेय मी. हॉलमधलं हसू छताला लागलं.

मी ते वाक्य म्हटलं. हेच मला अजून सलतं. मी थांबले नाही. पाठ केलेलं सगळं म्हटलं, नीट, स्पष्ट, कारण मागच्या रांगेत आई बसली होती. शेवटी मी म्हटलं की मसीहा येणार आहे. तो म्हणाला, "तो मीच आहे." बाटली त्याच्या काखेत होती.

टाळ्या पडल्या.

त्या पाण्याचं सांगते.

चूक आईची होती, असं नंतर सगळे म्हणाले. नाटकात कुणी खरं पाणी आणतं का? पण आईला नाटक माहीत नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं की येशू तिच्या लेकीकडे पाणी मागणार. मी तिला सांगितलं होतं, आई, खोटंखोटं असतं. ती म्हणाली, "उन्हाचं पोरगं दमलं आसंल. खरंच मागितलं तर काय रिकामा तांब्या देशील?"

आदल्या संध्याकाळी तिने पाणी उकळलं. दुहेरी फडक्यातून गाळलं. तांब्या चिंचेने घासला, इतका की त्यात तोंड दिसावं. सकाळी त्यात वाळ्याची जुडी सोडली. वर ताटली ठेवून दिवाळे गावातल्या आमच्या खोलीतून बसने हॉलपर्यंत आणलं. एक थेंब सांडला नाही.

का उकळलं? का गाळलं? कारण तिला माहीत होतं. कुणी विचारलंच तर उत्तर हातात असावं म्हणून.

आई सीवूड्सच्या मॉलमध्ये संडास साफ करायची. आण्णा, माझे वडील, बाजारात गोणी वाहायचे. आमच्या पणज्याने नगरकडच्या एका गावात बाप्तिस्मा घेतला. तेव्हा तो मांग होता. बाप्तिस्म्यानंतर कोण राहिला? पुस्तकात उत्तर आहे: नवा मनुष्य. मंडळीत दुसरं उत्तर आहे. आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा काकूंनी आईचा हात हातात घेऊन गोड आवाजात विचारलं होतं, "तुम्ही पूर्वीचे कोण?" आईने खरं सांगितलं. हात सुटला. त्यानंतर दर गुरुवारी पाळीपाळीने घरोघर प्रार्थना व्हायची. आमच्या खोलीची पाळी कधी आली नाही. "तुमच्याकडे जागा लहान," एवढंच.

नाटकात शोमरोनी बाई म्हणून मला का निवडलं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटलं होतं, माझे उच्चार चांगले आहेत.

परत जाताना बसस्टॉपवर आई तांब्या छातीशी धरून उभी होती. भरलेला. ऊन डोक्यावर. तिचे ओठ सुकले होते. मी म्हटलं, पी ना. ती म्हणाली, "त्येच्यासाठी आणलेलं. मी कसं पिऊ?"

शेजारी दिवाळ्याची एक म्हातारी कोळीण बसली होती. सुकट विकून रिकामी टोपली पायाशी घेऊन. आमची ओळख नव्हती. तिने तांब्याकडे पाहिलं.

"पानी हाय का गो बाय? जरा दे. घसा सुकलाय माजा."

आईने तांब्या दिला. म्हातारीने ताटली बाजूला केली आणि तोंड लावून प्यायली. अर्धा तांब्या संपवला. पदराने तोंड पुसलं.

"वाला घातलास नं? बेस लागतंय," ती म्हणाली, आणि तांब्या परत दिला.

आई हॉलमध्ये रडली नव्हती. तिथे रडली. स्टॉपवर, लोकांसमोर, तोंडात पदर कोंबून. म्हातारीला काही कळेना. ती आईची पाठ चोळत राहिली.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर आण्णा पाळकसाहेबांकडे गेले. मी सोबत होते. आण्णांनी टोपी हातात घेतली होती. ते भांडायला गेले नव्हते. एवढंच विचारलं, की साहेब, पोरीच्या हातचा एक घोट घेतला असता तर काय झालं असतं?

पाळकसाहेब चिडले नाहीत. हसले. "अहो, शुभवर्तमानात येशूने पाणी मागितलं असं आहे. तो ते प्यायला असं कुठे लिहिलंय? दाखवा मला."

आण्णांना दाखवता आलं नाही. मलाही नाही. कारण खरंच लिहिलेलं नाही.

आण्णा हमाल होते, पण त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम धर्मप्रचाराच्या पत्रिका असायच्या. चार पानी, गुलाबी, पिवळ्या. बेलापूर स्टेशनाबाहेर उभे राहून ते त्या वाटायचे. मी अक्षरं त्याच पत्रिकांवर शिकले. एका पत्रिकेवर ठळक अक्षरांत असायचं: येशू कोण आहे? त्या रविवारपासून आण्णांनी पत्रिका वाटणं सोडलं. उरलेला गठ्ठा पोत्यात बांधून पलंगाखाली सारला. कुणी विचारलं तर म्हणायचे, गुडघे दुखतात.

मी तो गठ्ठा उघडला. मला भांडायला शब्द हवे होते. मी पत्रिका वाचल्या, मग ही विहिरीची गोष्ट ज्यात आहे ते शुभवर्तमान वाचायला घेतलं. बोट ठेवून. सुरुवातीपासून.

सुरुवातीला सगळी भेटणारी माणसंच आहेत. नदीवर बाप्तिस्मा देणारा योहान येशूकडे बोट दाखवतो, म्हणतो हा देवाचा कोकरा. दोघं त्याच्या मागे जातात आणि विचारतात, तुम्ही कुठे राहता? तो म्हणतो, या आणि पाहा. ते जातात, तो दिवस त्याच्याकडे राहतात. जागा लहान होती का, कुणी लिहिलेलं नाही. मग एक शहाणा येतो. त्याला कळतं की हा नासरेथचा, आणि तो म्हणतो, तिथून काय चांगलं निघणार? म्हणजे येशूलाही तेच विचारलं गेलं होतं. तुम्ही पूर्वीचे कोण?

तो कोण आहे, हे ही सगळी माणसं सांगतात. एक म्हणतो कोकरा, एक म्हणतो देवाचा पुत्र. तो स्वतः मात्र बोलत नाही. मसीहा मीच, हे त्या पुस्तकात तो स्वतःच्या तोंडाने पहिल्यांदा कुणाला सांगतो? जिच्या भांड्याला कुणी शिवत नाही तिला. तिच्यासमोर तहानलेला बसून.

आणि त्यानंतर ती ओळ आली. मी कितीदा तरी वाचली असेन. शोमरोनी लोकांनी त्याला राहायची विनंती केली आणि तो त्यांच्याकडे दोन दिवस राहिला.

दोन दिवस.

मी आण्णांना हलवून जागं केलं आणि वाचून दाखवलं. म्हटलं, आण्णा, दोन दिवस तो काय तहानलेला राहिला? कुणाचं पाणी प्यायला? कुणाच्या ताटात जेवला?

आण्णा उठून बसले. मग म्हणाले, "आईला सांगू नको. ती जाऊन त्यांना विचारंल. अन् मग तिला तिथं बसता यायचं न्हाई."

म्हणून मी गप्प राहिले. बारा वर्षं. आईला त्या हॉलमधली मागची रांग हवी होती. आठवडाभर ती ज्यांचा मैला काढायची, ते तिच्याकडे न बघता जायचे. रविवारी तिला कुणी 'भगिनी' म्हणायचं. तेवढ्या एका शब्दासाठी ती इस्त्रीची साडी नेसून जायची. तो शब्द मी तिच्याकडून काढून घेऊ शकले नाही. हे माझं प्रेम होतं की भित्रेपणा, मला आजही ठरवता येत नाही.

गेल्या वर्षी आई गेली. काविळीने, तीन आठवड्यांत. आजारात तिने एकच मागितलं: पाळकसाहेबांनी घरी येऊन प्रार्थना करावी. आण्णांनी चारदा निरोप दिला. पाळकसाहेबांनी फोनवरच प्रार्थना केली. फोन स्पीकरवर लावून आम्ही आईच्या उशीजवळ ठेवला. मधेच त्यांना दुसरा कॉल आला. आई डोळे मिटून आमेनची वाट बघत राहिली.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी ते आले. पाळकसाहेब, सेक्रेटरी, काकू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या खोलीत. काकूंचे डोळे खरंच ओले होते, हे मला लिहिलं पाहिजे. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं.

मी तांब्या आणला. तोच. त्यांच्यासमोर ठेवला.

"आधी पाणी घ्या," मी म्हटलं. "मग प्रार्थना."

काकू म्हणाल्या, "नको गं, दुःखाच्या घरी पाणी नाही घेत आपण."

'आपण' म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी तांब्याला हात लावला. उचलला. मग काकूंकडे पाहिलं. विहिरीवरच्या त्या मुलाने पाहिलं होतं तसंच. आणि तांब्या खाली ठेवला.

मी बारा वर्षं पाठ केलेलं विचारलं. दोन दिवस तो कुणाचं पाणी प्यायला?

पाळकसाहेबांनी पुस्तकाची पानं चाळली, जणू उत्तर शोधत होते. सेक्रेटरी म्हणाले, ही वेळ नाही.

"माझ्या आईकडे आता दुसरी वेळ नाही," मी म्हटलं. "पुस्तक मिटा. तिची प्रार्थना आम्ही करू."

ते उठले. आण्णा मला थांबवतील असं वाटलं होतं. आण्णांनी दार उघडून धरलं. मग परत येऊन जमिनीवर बसले आणि प्रार्थना करायला लागले. त्यांना दोनच वाक्यं जमली. पुढे रडूच आलं.

त्या हॉलमध्ये आम्ही पुन्हा गेलो नाही. मला आई परत मिळाली नाही. त्या दिवशीच्या टाळ्या माझ्या कानातून गेल्या नाहीत. आईला वाचून दाखवायची ती ओळ मी वेळेवर दाखवली नाही, तीही माझ्याकडेच राहिली.

पलंगाखालचा गठ्ठा मी बाहेर काढला आहे. गुलाबी पत्रिकांच्या मागच्या कोऱ्या पानावर हाताने लिहिते आहे. वर तोच जुना प्रश्न: येशू कोण आहे? खाली माझं उत्तर: जो आमच्याकडे पाणी मागतो आणि पितो, तो. बाटली घेऊन येणारा तो नव्हे, त्याने कितीही पांढरं नेसलेलं असो.

येत्या रविवारी उपासना सुटायच्या वेळी मी त्या सोसायटीच्या गेटवर उभी राहणार आहे. एका हातात पत्रिका. दुसऱ्या हातात आईचा तांब्या, भरलेला.