केनच्या गॅरेजमधली फुल सर्व्हिस

चार डॉक्टर जमले की पेशंटच्या गोष्टी निघत असतील, असं लोकांना वाटतं. आमच्या लीड्सच्या मराठी ग्रुपमध्ये निघतात त्या केनच्या! हॉस्पिटलमागच्या गल्लीत त्याचं छोटंसं गॅरेज होतं. ऐंशीच्या दशकात आम्हा सगळ्यांच्या सेकंडहँड गाड्या त्यानेच चालत्या ठेवल्या. एकाने किस्सा सुरू केला की तो संपायच्या आत दुसऱ्याला आपला आठवतो.

*

हाडांचे डॉक्टर जोशी कायम घाईत. "केन, फक्त ऑइल बदल. बाकी गाडी उत्तम आहे."

केनने चहाचा मग खाली ठेवला. "पेशंट म्हणाला पाय उत्तम आहे, तर तुम्ही एक्स-रे काढत नाही, डॉक्टर?"

जोशी गाडी तिथेच ठेवून बसने घरी आले!

*

दसऱ्याला जोशीवहिनींनी बॉनेट उघडून थेट इंजिनालाच हळदकुंकू वाहिलं. पुढच्या सर्व्हिसला केनचा फोन. "डॉक्टर, सकाळपासून शोधतोय. हे पिवळं नक्की कुठून लीक होतंय?"

*

आम्ही मुलांना घेऊन स्कॉटलंडला निघालो होतो. मी केनला म्हटलं, "वेळ नाही, रुटीन सर्व्हिसच कर." संध्याकाळी गाडी आणायला गेले, तर तो किल्लीच देईना. न सांगताच त्याने गाडी वर उचलून खालून सगळी तपासली होती. ब्रेकचा पाइप गंजून पार गेला होता.

"स्कॉटलंड कुठे पळून जात नाही, लव्ह." इकडे कुठल्याही बाईला 'लव्ह'च म्हणतात.

मुलं दोन दिवस फुरंगटून बसली होती. मी मात्र त्यांच्याकडे नुसती बघत राहिले.

*

पुढे माझ्या सासूबाई पुण्याहून राहायला आल्या. एकदा केन गाडी घरी पोचवायला आला, तेव्हा मी वॉर्डच्या फोनवर अडकले होते. अर्ध्या तासाने किचनमध्ये गेले, तर दोघं चहा पीत बसलेले. तो अस्सल यॉर्कशरी इंग्रजीत बोलतोय, आई अस्सल मराठीत. आईंना 'थँक्यू'पलीकडे इंग्रजी येत नव्हतं!

तो गेल्यावर आई म्हणाल्या, "त्याची बायको गेली गं दोन महिन्यांपूर्वी. घरी जाववत नाही त्याला."

मी जोशींना फोन केला. त्यांनी चौकशी केली. खरं होतं. दहा वर्षांच्या ओळखीत आमच्यापैकी कुणालाच पत्ता नव्हता.

"आई, तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? सांगितलं की त्यानं!"