मामाजींची झील

माझ्या बायकोच्या मामांना गाता येणार नाही अशी गोष्ट जगात अजून तयार व्हायची आहे. लग्नपत्रिका, डॉक्टरची चिठ्ठी, ग्रामपंचायतीची नोटीस, हातात काहीही द्या. ते आधी चालीवर बसवतात, मग वाचतात. सिहोऱ्याकडच्या त्यांच्या गावात मामाजी खडीगंमतीचे, म्हणजे उभ्यानं डफावर रंगणाऱ्या लोकनाट्याचे, शाहीर म्हणून प्रसिद्ध आहेत आणि तहसील कचेरीत कटकट म्हणून. त्यांच्या लेखी ही दोन्ही कामं एकच. गावच्या तलावात पिढ्यान्‌पिढ्या मासोळ्या धरणाऱ्या घरातले ते, त्यामुळे गाणं गौळणीपासून निघो की नवरदेवाच्या फेट्यापासून, तिसऱ्या कडव्यात तलावावर येतंच. माझ्या लग्नात माझं कौतुक त्यांनी दीड ओळीत आटोपलं आणि पंगत बसेपर्यंत वऱ्हाडाला गाळ, बेशरमाची झुडपं आणि अतिक्रमण ऐकवलं. नवरीबरोबर तलावही येणार आहे, असं आईला बरेच दिवस वाटत होतं.

डफ म्हणजे त्यांचा थोरला मुलगा. एसटीत खिडकीची जागा डफाला, मामाजी उभे. ओलसर हवेत कातडं सैल पडतं, म्हणून गाण्याआधी डफ विस्तवावर शेकावा लागतो आणि विस्तव कुठं पेटवावा याबाबत मामाजींचं मन फार मोठं आहे. जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरात ते चहाचं आधण खाली उतरवून गॅसवर डफ धरतात. एकदा मासेमारांचा मोर्चा तहसीलवर नेला, तेव्हा हवा ढगाळ होती. मामाजींनी फाटकासमोरच काटक्या पेटवल्या. पोलीस बादली घेऊन धावत आला.

"कोनाचा पुतळा जाळून राहिले जी?"

"पुतळा नाही बापू, डफ शेकून राहिलो. तुमीबी शेका हात."

पोलिसानं विस्तवासकट डफावर बादली ओतली. ओल्या डफातून भद्द-भद्द आवाज यायला लागला, तर मामाजींनी त्याच आवाजावर नवी चाल बांधली.

त्यांचा जुना झीलकरी आपल्या मुलाकडे नागपूरला राहायला गेला आणि ती जागा माझ्या गळ्यात पडली. शाहिरानं ओळ सोडली की मागच्यानं ती उचलून धरायची, ती झील. शाळेत प्रार्थनेला गुरुजी मला नुसते ओठ हलवायला सांगत, हे मी मामाजींना प्रामाणिकपणे कळवलं.

"सूर माह्यापाशी हाय, जवाईबापू. तुमी फक्त सोडू नोका. मी पुढची ओळ घेतल्याबगर थांबाचं नाही. भूकंप आला तरी नाही."

मग ती ग्रामसभा आली. तलावाचा उथळ काठ बुजवून तिथं लग्नाचं लॉन करायचा ठराव होता. मासोळ्या अंडी घालतात त्या नेमक्या त्याच उथळ पाण्यात. तो काठ गेला असता, तर मासेमारांची जाळी खुंटीवरच राहिली असती. लॉनवाली मंडळी पुढं खुर्च्यांवर, मासोळ्या विकणाऱ्या बाया मागं भिंतीला टेकून. त्या ग्रामसभेत कधी तोंड उघडत नसत. मामाजींचा घसा तेव्हा वर्षभर बिघडलेला होता आणि डॉक्टरनं गाणं बंद केलं होतं. तरी ते उठले, डफावर थाप मारली आणि उचललं, "सांगा गड्या हो, तलाव कोनाचा?"

मी डोळे मिटून झील धरली. लोकांचे चेहरे दिसू नयेत म्हणून मी तसाच गातो. त्यामुळे मामाजींना ठसका लागला आणि आवाज बसला तो बसलाच, हे मला दिसलंच नाही. मी आपला सुरू: तलाव कोनाचा? तलाव कोनाचा?

"ओ जवाई, आयकलं न!" सरपंच म्हणाले. "पुढं काय हाय, ते सांगा."

पुढचं मला कुठं माहीत होतं? ती ओळ मामाजींची. मी आणखी जोरात धरलं, आणखी बेसूर. शेवटी मागून एक बाई वैतागून ओरडली, "आमचा हाय नं बाबा! कितींदा इचारतेस?"

सभा हसली. पण मी पुन्हा तीच ओळ धरली, तेव्हा दोघी-तिघी म्हणाल्या, "आमचा!" मग, हे मला नंतर कळलं, सगळी भिंतच उठली, हात वर करून. सरपंचांनी ठरावाच्या विरोधात कोण, असं विचारलं, तेव्हा ते हात वरच होते. ठराव पडला. डोळे उघडले तेव्हा मामाजी माझ्याकडे बघत होते.

घरी येताना कुजबुजले, "सूर लय खराब हाय तुमचा. पन सोडला नाही."

त्यांचा आवाज काही परत आला नाही. आजही सुट्टी मिळाली की मी जातो. तलावाच्या पाळीवर ते काटक्या पेटवून डफ शेकत असतात. मला शेजारी बसवतात, फक्त मलाच ऐकू येईल इतक्या हळू ओळ सोडतात, मी ती उचलतो. मग ते पाण्याकडं बघत बसतात. पुष्कळदा दुसरी ओळ येतच नाही. काठावर कपडे धुणाऱ्या बाया हसतात. मी मात्र धरून असतो. त्यांनी पुढची घेतल्याशिवाय थांबायचं नाही, असं आमचं ठरलेलं आहे.