जुन्या पेटीत नवी चासी

चूक माझी होती. मिस्त्रीने मला दोनदा बजावलं होतं, मी दोन्ही वेळा मान डोलावली होती आणि तरीही घरी आल्यावर ती तार मी माझ्या हाताने जोडली. त्यातून जे घडलं त्याचा दोष पुढे तीन वर्षं दुसऱ्याने वाहिला आणि मी ते पाहत राहिलो. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं सांगताना स्वतःची बाजू घेण्याचा मोह मला होईल.

आमचं घर अमरावतीला. घरात दादा, वहिनी आणि मी. मी अकोल्याला एका कचेरीत कारकून होतो. आठवडाभर तिथल्या खोलीवर राहायचो आणि शनिवारी पॅसेंजरने घरी यायचो. घरी बॅटरीवर चालणारा एक जुना रेडिओ होता. सागवानी पेटी, समोर जाळीचं कापड, आत काचेचे चार व्हॉल्व्ह. त्याची बॅटरी विटेएवढी मोठी असे आणि ती ऐन कीर्तनात मान टाकत असे. आमच्या गल्लीत वीज आली तेव्हा दादा म्हणाला, "आता हे धूड मोडीत घाला." वहिनी मात्र पेटी द्यायला तयार नव्हती. दुपारी घरात ती एकटी असे आणि नागपूर केंद्र लावून निवडण-टिपण करत बसे. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "पेटी तशीच ठेवू, आतलं तेवढं बदलू."

अकोल्याचा मिस्त्री माझ्या माहितीचा होता. लढाईच्या काळात तो पलटणीत वायरलेसचं काम शिकला होता. नागपूरला दीक्षा झाली त्या वर्षी त्याचं घर बौद्ध झालं होतं, आणि दुकानात व्हॉल्व्हच्या खोक्यांवर त्याने बुद्धाची छोटी तसबीर लावली होती. मी रेडिओ गोधडीत गुंडाळून त्याच्याकडे नेला. त्याने मागचा पुठ्ठा काढून आत पाहिलं.

"भाऊ, हे व्हॉल्व्ह आता भेटत नाहीत. आन् भेटले तरी बॅटरीचेच. नुसते व्हॉल्व्ह बदलून भागत नाही, ज्या पत्र्यावर ते बसते ते चासीच बदलाव लागते."

"मग बदला."

"दोन जातीच्या हायेत. एक ट्रान्सफॉर्मरवाली. जड हाये, तुमच्या पेटीत बसाची नाही, पेटीले मागून खोका जोडाव लागंन. ट्रान्सफॉर्मर मी हातानं गुंडाळतो, महिना लागते. दुसरी बिनट्रान्सफॉर्मरची. हलकी, पेटीत नीट बसते, आठ दिवसांत देतो. पण तिच्यात लाइटीचा करंट सरळ चासीवर येते."

"तुम्ही कोणती घ्याल?"

"मी? मी महिनाभर थांबीन."

मी थांबलो नाही. पेटीला मागून खोका जोडलेला मला पाहवणार नव्हता, आणि पुढच्याच शनिवारी वहिनीसमोर रेडिओ ठेवायचा होता. मी हलकी चासी निवडली. ती बसवल्यावर त्याने जुन्या अर्थिंगच्या भोकात लाकडाची खुंटी ठोकली आणि म्हणाला, "इथं आता जमिनीची तार लावाची नाही. काई झालं तरी." दुकानाच्या पायरीवर पुन्हा म्हणाला, "ध्यानात ठेवजा, भाऊ."

ती जमिनीची तार आमच्या घरी जुनीच होती. अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा करून त्यात कोळसा, मीठ आणि हातभर वर राहील अशी लोखंडी नळी पुरलेली, आणि नळीपासून खिडकीतून रेडिओपर्यंत तांब्याची तार. तिने आवाज स्वच्छ येतो असं सगळेच मानत, आणि बॅटरीच्या रेडिओत तसं होतही असे. पण आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, नळी कोरडी पडते. म्हणून चैत्र लागला की रोज दिवेलागणीला त्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतायचं, मग रेडिओ लावायचा. हे काम वहिनीचं. रेडिओ बदलला तरी तिने ते सोडलं नाही. मीही तिला थांबवलं नाही, कारण तार कशालाच जोडलेली नव्हती.

नव्या चासीवर नागपूर लागलं, पण सारखी खरखर. दादाने चिडवलं, "कावून रे, रेडिओ आनला का पिठाची चक्की?" वहिनी हसली. मला ते लागलं. त्याच रविवारी मी मागचा पुठ्ठा काढला, तार आत घेतली आणि चासीच्या एका स्क्रूला घट्ट आवळली. खरखर गेली. दादाला बोलावून ऐकवलंदेखील; काय केलं ते मात्र सांगितलं नाही.

पंधरा-वीस दिवस काही झालं नाही. तेव्हाचा प्लग दोन पायांचा, कसाही बसे. एका बाजूने बसला तर चासीवर करंट नसे, उलटा बसला तर सगळा चासीवर. रेडिओ दोन्ही रीतीने सारखाच वाजे. वैशाखातल्या एका शनिवारी मी घरी होतो. रेडिओचा प्लग काढून मी तिथे इस्त्री लावली, आणि काम झाल्यावर रेडिओचा प्लग परत बसवून बटण दाबलं. तेवढ्यात वहिनी तांब्या घेऊन अंगणात गेली. अनवाणी होती. वाकताना ती नेहमी नळीला धरत असे.

तिच्या तोंडून ओरडणंही आलं नाही. घशात अडकल्यासारखा एक आवाज आला आणि तांब्या पडल्याचा. दादा तिच्याकडे धावला. मी धावलो तो प्लगकडे. तो उपटला तेव्हा ती खाली कोसळली. पुढे कित्येकदा मनात आलं की मी कोणत्या बाजूला धावलो एवढं जरी दादाने पाहिलं असतं, तरी सगळं तिथेच उघडं पडलं असतं.

वहिनी वाचली. सरकारी दवाखान्यात महिनाभर होती. उजव्या तळव्याची कातडी जळाली होती, आणि त्या हाताची तीन बोटं आत वळली ती पुन्हा सरळ झालीच नाहीत. भाकर थापताना ती मनगटाने पीठ दाबू लागली. पुढे पुढे तेही जमेना.

वहिनी दवाखान्यातून घरी आल्यावर दादाने रेडिओ उघडला. "ही तार कोनं जोडली?"

मी म्हणालो, "मिस्त्रीनं."

दादा दुसऱ्याच दिवशी अकोल्याला निघाला. मला बरोबर जावंच लागलं. त्याने मिस्त्रीला दुकानातून रस्त्यावर ओढलं. बाजाराचा दिवस होता. दादा ओरडला, "जात बदलली मनून हातात विद्या येते काय रे? बाईचा जीव घेत होता!" आणखी जे बोलला ते इथे लिहवत नाही. मिस्त्रीने दादाकडे पाहिलंच नाही. तो माझ्याकडे पाहत होता. म्हणाला, "भाऊ, तुमी सांगा. मी काय सांगतलं होतं?" मी खाली पाहिलं. माणसं जमली होती, आणि माझं गप्प राहणं त्यांनी साक्षीसारखं धरलं.

त्यानंतर त्याच्या दुकानात रेडिओ येणं कमी झालं, मग थांबलं. मी कचेरीला दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागलो. दुकान बंद झाल्याचं मला कळलं होतं. तो मोटार स्टँडजवळ स्टोव्ह दुरुस्त करत बसतो, हेही कळलं होतं.

तीन वर्षांनी एकदा जेवताना, मिस्त्री आता स्टोव्ह दुरुस्त करतो, हे मी सहज म्हणून सांगितलं. दादा गावाला गेला होता. वहिनी डाव्या हाताने वाढत होती. ती थांबली.

"भाऊजी, तुमी तार आवळत होते तवा मी दारातच उभी होती."

हातातली वाटी खाली ठेवून ती पुढे म्हणाली,

"तवा तुमचं लग्न जमून रायलं होतं. वाटलं, पोराचं नाव खराब होईन. मंग म्हन्लं, सांगतीन आपल्या तोंडानं. आज सांगतीन, उद्या सांगतीन. माह्या हाताचं जाऊ द्या. त्या मानसाचे हात तर चांगले हायेत ना? त्याले रस्त्यावर काहून बसवलं तुमी?"

सोमवारी मी मोटार स्टँडवर गेलो. तो गोणपाटावर बसून बर्नर घासत होता. मी त्याच्याजवळ उकिडवा बसलो आणि हळूच म्हणालो, "मिस्त्री, तार मी जोडली होती. मला माफ करा."

त्याने हातातलं काम खाली ठेवलं नाही. "मले माहीत हाये. मले काय सांगता?" बर्नर फुंकून म्हणाला, "शिव्या रस्त्यावर देल्या होत्या, भाऊ. माफी कानात काहून मांगता?"

मग तो आपणहून उठला. आम्ही त्याच्या जुन्या दुकानासमोर गेलो. तिथे आता दोरखंडाचं दुकान होतं. शेजारचा पानवाला, समोरचा शिंपी, दोघेही त्या दिवशी तिथे होते. त्यांना मी नावाने हाका मारल्या. आणखी पाच-सात माणसं थांबली. मी माझं नाव आणि कचेरी सांगितली. म्हणालो, "माझ्या वहिनीला शॉक बसला तो यांच्या कामाने नाही. यांनी मला दोनदा मनाई केली होती. तार मी जोडली, भावाशी खोटं बोललो, आणि इथे यांचा अपमान झाला तेव्हा गप्प राहिलो. मी यांची माफी मागतो." असं म्हणून मी वाकून त्याच्या पायांना हात लावला.