ज्वारीतले सात चौकोन

फौजदार म्हणून केलेल्या सबंध नोकरीत मी विमानात एकदाच बसलो, अर्धा तास. तो अर्धा तास अजून माझ्या मनातून गेलेला नाही. लोक हौसेने विचारतात, भीती वाटली का, माणसं मुंगीएवढी दिसतात का, कान दुखतात का. मी सगळं सांगतो. पण त्या फेरीच्या आधी तीन महिने मी काय करून बसलो होतो, ते आजवर घरातही बोललो नव्हतो. पेन्शनीत येऊन वर्ष झालं. आता लिहून टाकतो. नाव कुणाचंच देत नाही.

सन तीसनंतरच्या एका भाद्रपदातली ही हकिगत. मी तेव्हा सोलापूर तालुका ठाण्यात होतो. मंद्रूपचा आठवडी बाजार उरकून कापडाची एक बैलगाडी सोलापूरकडे परत येत होती. दिवेलागणीच्या सुमारास ओढ्याच्या उतारावर एका इसमाने गाडीवानाच्या डोक्यात काठी घातली आणि कापडाचे गठ्ठे पळवले. गाडीवान वाचला, पण त्याचा एक डोळा गेला. जबाबात त्याला एकच गोष्ट सांगता आली, की मारणाऱ्याने काळी घोंगडी पांघरली होती. आमच्या मुलखात घोंगडी कुणाकडे नसते? ठाण्यात माझ्या खुंटीलाही एक होती.

दोन दिवसांनी खबर आली. आमचा एक खबऱ्या मंद्रूपच्या बाजारात पान-सुपारी विकत असे. तो ठाण्याच्या मागच्या दाराने आला आणि म्हणाला, "सायेब, मेंढरं घेऊन एक धनगर चाललाय बघा. त्येच्या घोड्यावरच्या गाठोड्यात लाल कापड हाय. पार तळाला. कोरं."

आम्ही गेलो. धनगर आणि त्याची बायको ओढ्याकाठाने शे-सव्वाशे मेंढरं हाकत चालले होते. गाठोडं सोडलं, तर तळाला लाल कापड निघालं. गाडीतलं कापड ज्याचं, त्या व्यापाऱ्याने ते ओळखलं. "आमचं न्हाय ह्ये," एवढंच धनगर म्हणाला.

ठाण्यात मी त्याला विचारलं, "बाजारादिवशी संध्याकाळी कुठे होतास?"

"रानात. अव्वाच्या."

अव्वा म्हणजे मंद्रूपपासून तीन मैलांवरच्या एका शेतकऱ्याची म्हातारी आई. घरात कानडी बोलणारं कुटुंब, म्हणून गाव तिला अव्वा म्हणे. पेरणीपूर्वी शेतात मेंढरं बसवायची आमच्याकडे रीत आहे. मेंढरं रात्रभर शेतात बसतात, त्यांच्या लेंड्यांनी जमिनीला खत मिळतं आणि शेताचा मालक धनगराला रोजची भाकरी पोचवतो. मागच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी हा कळप त्या रानात शिरला, हे गावाने पाहिलं होतं. प्रश्न होता तो निघाला कधी याचा. धनगर म्हणे, सात रात्री बसलो, सातवी बाजाराच्या दिवसाची. मला ते पटेना. कापड सापडलं होतं, घोंगडी होती, व्यापारी वरपर्यंत ओळख असणारा होता आणि वरून रोज विचारणा होत होती.

मी हवालदाराला खूण केली. नंतर स्वतःही हात उचलला. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. त्याने कबुली दिली नाही. ओठ फुटला, तरी म्हणाला, "मारा की. सात म्हंजे सातच."

मग मी शेतकऱ्याला मंद्रूपच्या चावडीत बोलावलं. तो हात जोडून उभा राहिला. पोलीस पाटील शेजारी बसलेला. मी विचारलं, "दोनच रात्री बसली होती ना मेंढरं?" तो म्हणाला, "व्हय सायेब, दोन असतील की." मी लिहून घेतलं: दोन रात्री. म्हणजे त्यानंतर धनगर कुठे होता याचा पुरावा नाही. माझी केस पक्की झाली.

चावडीबाहेर धनगराची बायको उभी होती. मेंढरं भाच्याकडे सोपवून आली होती. ती आडवी आली.

"सायेब, सात रातीला सात जागी वाघर लावली आमी. रोज वाघर हलवायची, पुढच्या तुकड्यात लावायची. चला की, दावते. लेंड्या हाईत अजून."

वाघर म्हणजे मेंढरांभोवती खुंट्यांवर ताणायची जाळी. ते मला तेव्हा माहीतही नव्हतं. मी शाळामास्तरचा मुलगा, सोलापुरात वाढलेला.

"आता मी लेंड्या मोजत फिरू?" मी म्हणालो. हवालदार हसला. पाटीलही हसला.

बाई हसली नाही. म्हणाली, "तीन मैल हाय. तुमाला सायकल हाय."

मी सायकलवर बसलो आणि सोलापूरला आलो. चार-सहा दिवसांत त्या रानात कुळवाची पाळी घातली गेली आणि ज्वारी पेरली गेली. गुन्ह्याच्या नकाशात ते शेत मी ठाण्यात बसून, पाटलाच्या तोंडी वर्णनावरून काढलं: ओढ्याचं वळण, चिंचेचं झाड, विहीर. खटला सेशनला कमिट झाला. संक्रांतीनंतरची तारीख पडली. दहा वर्षं सक्तमजुरी तरी होईल, असं सरकारी वकील म्हणाले.

मार्गशीर्षात एका लहान संस्थानचे धाकटे राजे स्वतःचं विमान घेऊन सोलापुरात आले. तरुण माणूस, विलायतेत उडायला शिकलेला. गावाबाहेरच्या माळावर विमान उतरलं आणि गिरण्या सुटल्यासारखी गर्दी लोटली. बंदोबस्त माझ्याकडे होता. बाया पंख्याला हळदकुंकू वाहू पाहत होत्या, त्यांना आवरता आवरता माझा घसा बसला. तीन दिवस प्रतिष्ठित मंडळी फेऱ्या मारून आली. एका वकीलसाहेबांनी उतरल्यावर जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि नंतर म्हणाले की रुमाल पडला होता.

शेवटच्या सकाळी धाकटे राजे मला म्हणाले, "फौजदार, तीन दिवस तुम्ही उन्हात उभे आहात. चला, बसा. टोपी मात्र काढा, नाहीतर ती मंगळवेढ्याला पोचेल."

हवालदार जवळ येऊन हळूच म्हणाला, "सायेब, जाताय खरं. घरी काय सांगू?"

"काय सांगायचं ते मी आल्यावर सांगेन."

"आन् न्हाई आला तर?"

धाकटे राजे मोठ्याने हसले. मी पुढच्या बैठकीत बसलो, ते मागच्या. वर छप्पर नाही, समोर काचेचा एक तुकडा. पट्टे आवळले. मागून बोलायला एक रबरी नळी होती, तिचं टोक कानाशी. इंजिनाचा आवाज सुरू झाला आणि मी देवाचं नाव घेतलं. माळ खडखडत मागे गेला आणि एकदम खडखड थांबली. तेव्हा कळलं की आपण जमिनीवर नाही.

भीती मिनिटभरच. मग थंड वारा तोंडावर आला आणि मला, खरं सांगतो, लहान मुलासारखं हसू फुटलं. गिरण्यांची धुराडी खाली होती. तलाव, किल्ला, माझं ठाणं, ठाण्यामागे वाळत घातलेले गणवेश. इतकी वर्षं ज्या गावाला मी दटावत आलो, ते गाव एका तळहातात मावेल असं शांत पडलं होतं.

नळीतून आवाज आला, "कुठे जाऊ? तुमची हद्द दाखवा."

मी दक्षिणेकडे हात केला. सीना ओलांडली, विजापूरचा रस्ता दोरीसारखा पुढे पळत होता. मग ओढ्याचा उतार दिसला, गाडी लुटली ती जागा. मी सहज ओढ्याच्या उगमाकडे नजर नेली. वळण आलं. चिंच आली. विहीर आली. माझा नकाशा खाली उलगडलेला होता, फक्त त्यात एक गोष्ट मी काढलेली नव्हती.

त्या शेतातली ज्वारी दोन रंगांची होती. सगळं शेत पोपटी आणि त्यात एका कडेने गर्द हिरवे चौकोन, एकाला एक लागून, जणू कुणी दोरी लावून आखले असावेत. क्षणभर मला उमगेना. विमान पुढे गेलं. मग त्या बाईचा आवाज आठवला: रोज वाघर हलवायची, पुढच्या तुकड्यात लावायची.

मी नळीत ओरडलो, "परत फिरवा!"

"उलटी होतेय का?"

"नाही. मोजायचंय!"

"काय?"

"चौकोन!"

त्या भल्या माणसाने पुढे काही विचारलं नाही. विमान एका पंखावर कललं, पण मी डोळे मिटले नाहीत. तीन घिरट्या घातल्या आणि तीन वेळा मोजलं. सात.

खाली उतरल्यावर लोकांनी विचारलं, कसं वाटलं. मी न थांबता गर्दीतून बाहेर पडलो. हवालदाराला वाटलं, घाबरलो. तो पाणी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन मी त्या शेतात गेलो. कमरेएवढ्या ज्वारीत उभं राहिलं की सगळं हिरवंच. पण कुठे पाहायचं ते आता ठाऊक होतं. खत मिळालेलं ज्वारीचं ताट जाड, पान रुंद, उंचीला वीतभर जास्त. कडा धरून चाललो आणि प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्याला खुंटी ठोकली. पंचांनी सात लिहिले. शेतकरी आणि पाटील बांधावर उभे होते.

मी म्हणालो, "चावडीत मी तुला आकडा सांगितला होता. आज सांगणार नाही. तू सांग. मेंढरं किती रात्री बसली?"

त्याने पाटलाकडे पाहिलं. पाटलाने ज्वारीकडे पाहिलं. तेवढ्यात विहिरीकडून अव्वा आली, काठी आपटत.

"सात दिस भाकरी मी नेली! बाजाराच्या दिशी दिवा लावायच्या येळला बी नेली. त्यो जाळी ठोकत व्हता. आन् ह्यो मुडदा दोन म्हनतोय!"

"अव्वा, गप की," शेतकरी रडकुंडीला आला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सायेब, तुमीच म्हनला व्हता दोन. मी व्हय म्हनलो. फौजदाराला खोटं कोन पाडनार?"

पोलिसातल्या माणसाला मी एवढंच सांगेन: खाकीसमोर बसलेला गरीब माणूस आपल्याला काय ऐकायचं आहे ते आधी ओळखतो आणि तेच देतो. तो खोटं बोलत नसतो. तो सुटायला बघत असतो.

त्या शेतकऱ्याने मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर दोन सांगितलं होतं. आता सात म्हटलं तर खोट्या साक्षीचा खटला त्याच्यावर. तो वाचायचा तर आकडा माझा होता, हे मला लिहून द्यावं लागणार होतं. दोन दिवस मी तो कागद लिहिला आणि फाडला. माझ्या बढतीचं प्रकरण तेव्हा वर गेलेलं होतं. तिसऱ्या दिवशी लिहिला आणि गोऱ्या डी. एस. पी. साहेबांपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला.

"हे तुम्हाला विमानातून दिसलं?"

"होय साहेब."

"आणि त्याआधी तुम्ही त्या शेतात किती वेळा गेला होता?"

"एकदाही नाही."

त्यांनी कागदावर सही केली. बढती पाच वर्षं लांबली. ते योग्यच झालं.

तपास पुन्हा सुरू केला तेव्हा पहिला प्रश्न खबऱ्याला विचारला. तो आधीच विचारायला हवा होता. दुसऱ्याच्या गाठोड्यात कापड पार तळाला आहे, हे तुला कसं कळलं? या वेळी कुणी हात उचलला नाही. दुपारपर्यंत तो आपण होऊन बोलला. काठी त्याच्या मेहुण्याने घातली होती. बाई ओढ्यावर गेलेली असताना याने गाठोड्यात कापड सारलं. बाकीचे गठ्ठे मेहुण्याच्या कडब्याच्या गंजीत मिळाले.

धनगर सुटला त्या सकाळी मी साध्या कपड्यांत तुरुंगाच्या दाराशी उभा होतो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. तो बाहेर आला, उन्हाने डोळे बारीक केले आणि मला ओळखलं. मी हात जोडले आणि पाठ केलेलं सगळं विसरलो. "माझी चूक झाली," एवढंच निघालं.

त्याने माझ्या साध्या कपड्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "इमानात बसला व्हता म्हनं?"

"हो."

"मग वरनं माझी मेंढरं दिसली का कुटं? चार म्हैनं झालं. बायकू कुटं हाय, ठाव न्हाय."

मला ते पाहायचं सुचलंच नव्हतं. मी म्हणालो, "चल, शोधू." आठ दिवसांची रजा टाकली. पहिल्या दिवशी तो माझ्यापुढे दहा पावलं चालला. वाटेत गावोगाव धनगरांना विचारलं. कळपाने मंगळवेढ्याची वाट धरल्याचं कळलं. माझ्या पायाला फोड आले. त्याने न बोलता रुईची पानं तोडून दिली आणि टाचेला बांधायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो बरोबरीने चालला.

चालताना मला सारखं एकच वाटत होतं. लोक म्हणणार, विमान आलं म्हणून हा माणूस वाचला. ते खरं नाही. त्या बाईने बोलावलं तेव्हा तीन मैल गेलो असतो, तर सात जागी लेंड्या पडलेल्या माझ्या डोळ्यांना दिसल्या असत्या. जे ती बाई मला जमिनीवर दाखवत होती, ते पाहायला मला आभाळात जावं लागलं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत, सांगितलेली जागा स्वतः पाहिल्याशिवाय मी एकही नकाशा काढला नाही. कुणाला आकडाही सुचवला नाही. दोनदा त्यामुळे निरपराध माणसं घरी गेली. यापेक्षा मोठी बढती मला मिळाली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मंगळवेढ्याच्या अलीकडे एका काळ्या रानात कळप दिसला. आधी कुत्रं धावत आलं. मग ती आली, कडेवर नवं कोकरू. नवऱ्यापुढे थांबली, त्याच्या ओठावरच्या व्रणाकडे पाहिलं आणि कोकरू त्याच्या हातात दिलं. "लई वाळलास," म्हणाली. मी लांब बाभळीखाली थांबलो.

तीन दगडांवर तवा होता. तिने नवऱ्याला भाकरी वाढली. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच विचारलं, "ह्यास्नी बी वाढू का?"

धनगराने घास थांबवला. माझ्या टाचांना बांधलेल्या पानांकडे पाहिलं.

"वाढ की," तो म्हणाला. "सोलापुरापासनं चालत आलाय."