चाचांच्या गुडघ्याचं माप

चाचा कुठंही गेले की आधी बसायचे. नव्या मशिदीसाठी विटांचा ट्रक रिकामा झाला, चाचा विटांवर बसले. दाराची चौकट आली, चाचा चौकटीवर बसले. "पहले बैठ के देखो," एवढंच त्यांचं म्हणणं. आम्ही कमिटीवाले सगळं उभ्याउभ्या ठरवायचो आणि चहा संपेपर्यंत विसरायचो.

आमची वस्ती जालना एमआयडीसीच्या अंगाला. मला कमिटीत घेतलं, कारण मास्तराला कामधंदा नसतो यावर साऱ्या वस्तीचं एकमत होतं. तेवढं एकच एकमत. बाकी साऱ्या मीटिंगा मिनार केवढा असावा यातच गेल्या. कमिटीचे अध्यक्ष सदरसाहेब, त्यांनी मशिदीचं रंगीत चित्र करून आणलं. त्यात कारंजं होतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं त्या वस्तीत कारंजं! वा रे वा.

चाचांनी चित्र उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "इसमें वजू किधर करने का?"

नमाजेआधी हातपाय धुवायची जागाच चित्रात नव्हती. होईल की, जुन्या मशिदीसारखी करून टाकू, असं आम्ही म्हणालो. तिथंच बिनसलं. चाचांची सारी नोकरी रोलिंग मिलच्या भट्टीपुढं उभ्यानं गेलेली. माणूस ताडमाड, पण गुडघे कामातून गेलेले. जुन्या मशिदीतला वजूचा कट्टा वीतभर उंच. तिथं त्यांना धरून बसवावं लागायचं आणि पाय मुलगा धुवायचा. मुलगा हूं की चूं करत नसे, तेच चाचांना सोसत नव्हतं.

एकदा मला म्हणाले, "मास्तर, नव्या मशिदीत माझे पाय मी धुणार. मिनार तुम्ही बघत बसा."

गवंड्यानं सवयीनं कट्टा बुटकाच बांधला. चाचा बसले, उठता येईना, तोडायला लावला. पुन्हा बांधला, पुन्हा तोच तमाशा. गवंडी वैतागला.

"चाचा, मी बांधून राह्यलो का मोडून राह्यलो? उभे ऱ्हा बराबर."

त्यानं चाचांच्या गुडघ्याशी विटेच्या तुकड्यानं भिंतीवर रेघ ओढली आणि अख्खा कट्टा त्या रेघेवर नेला. आम्ही शहाणे तेव्हा मिनाराच्या रंगावरून भांडत होतो.

कट्ट्यावर फरशी बसायची होती, तेवढ्यात चाचा गेले. जन्मभर सगळ्यावर बसून पाहिलेला माणूस नेमका तिथं बसायचा राहिला. मय्यतीला आंघोळ घालताना वजूही करवतात. पाय मुलानंच धुतले. मला बघवलं नाही.

नवी मशीद सुरू झाली, त्या पहिल्या जुम्म्याला साऱ्या वस्तीचे पाय कट्ट्यावरून लोंबकळत होते. सदरसाहेबांचा इस्त्रीचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला. "हे तोडावं लागंल," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कमिटीनं एका आवाजात हो म्हटलं.

तेवढ्यात चाचांचा मुलगा आला. तोही बापासारखाच उंच. तो बसला. एकट्या त्याचेच पाय जमिनीला टेकले. नळ सोडून तो कितीतरी वेळ पाय धूत राहिला, मान काही वर केली नाही.

कट्टा तोडायचा विषय मंग कुणी काढला नाही. आम्ही अजून पाय हवेत ठेवूनच वजू करतो.