गोदाबाईंचं अर्धं वाक्य

केअर होममधून मला फोन येत नाही, मेसेज येतो. सातव्या वर्षी तापात माझे कान गेले, हे तिथल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या सकाळी मी वेल्समधल्या कार्डिफच्या हॉस्पिटलात, लॅबमध्ये कामावर होते. शालिनीताई पहाटे गेल्या, शांतपणे गेल्या, एवढाच मजकूर होता. शांतपणे... या शब्दावर माझा अजून विश्वास बसत नाही.

ताई नव्वदी ओलांडलेल्या. डॉक्टर नवऱ्याबरोबर तरुणपणी इथे आल्या, शाळेत गणित शिकवलं, नवरा गेल्यावर एकट्याच राहिल्या. मूलबाळ नव्हतं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत आमची ओळख झाली. "तू सारखी माझ्या तोंडाकडे काय बघतेस गं?" त्यांनी विचारलं. मी ओठ वाचते, आणि इंग्रजीपेक्षा मराठी चांगली वाचते, कारण आईने मला समोर बसवून शिकवलंय, असं मी सांगितलं. ताई जवळ सरकल्या. मग माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, "माझी आई मूकपटात होती."

त्यांची आई, गोदाबाई. बायकांच्याच एका नाटक मंडळीत त्या लहानपणापासून गायच्या. गावोगावी तंबूत त्यांच्या पदांना वन्समोअर मिळत. पुढे सिनेमावाल्यांनी चेहरा बघून त्यांना नेलं. तिथे गाणं नाही, बोलणंही ऐकू जाणार नाही; भर उन्हात, ऊन तोंडावर परतवणाऱ्या पत्र्यांच्या झगमगाटात उभं राहायचं आणि दिग्दर्शक ओरडून सांगेल तसं रडायचं, हसायचं. गोदाबाईंचं नाव झालं. साताऱ्याच्या एका घरंदाज माणसाशी लग्न झालं, मूकपटांच्या अखेरच्या दिवसांत शालिनी जन्मली, आणि बाळंतपणानंतर थोड्याच महिन्यांत गोदाबाई तिला घेऊन पुन्हा स्टुडिओत गेल्या. सासरच्यांनी मूल उचलून आणलं ते कायमचं. बोलपट आले तेव्हा खरं तर त्यांच्या गळ्याचे दिवस यायचे. पण क्षयाने आवाज आधीच बसला होता. शालिनी चार वर्षांची असताना त्या गेल्या. आत्याने त्यांचे सगळे फोटो बंबात घातले, आणि पोरीला वाढवताना एकच सांगितलं... तुझ्या आईला तू नको होतीस.

ताईंना आईचा चेहराच आठवत नव्हता. गोदाबाईंच्या फिल्म्स कुठे जळल्या, कुठे त्यातली चांदी काढायला धुवून टाकल्या. तरी ताई वर्षानुवर्षं जगभरच्या फिल्म संग्रहालयांना लिहीत राहिल्या. तोवर डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, झिजत गेला. आधी अक्षरं गेली, मग माणसं. आणि त्यानंतर गेल्या हिवाळ्यात एका संग्रहालयाने कळवलं: एका डब्यात तुकडा सापडलाय, त्यातल्या नावांच्या पाटीवर गोदाबाईंचं नाव आहे.

मी तो ताईंच्या खोलीतल्या टीव्हीवर लावला. ताईंनी खुर्ची इतकी पुढे ओढली की नाक काचेला टेकलं, मग तोंड माझ्याकडे वळवलं. "आली का? कुठे आहे? अगं, मला नुसतं पांढरं दिसतंय गं!"

लढाईला निघालेल्या नवऱ्याला राणी ओवाळत होती. मी सांगत गेले: रुंद कपाळ, तुमच्यासारखी हनुवटी, डोळे भरलेले... तेवढ्यात राणीचे ओठ हलले, आणि मी थांबले.

"काय म्हणाली? सांग ना!"

"पोर रडतंय माझं, असं म्हणाल्या."

"माझं? माझं म्हणाली?"

"हो. त्यांनी कॅमेऱ्याच्या मागे कुठेतरी बघितलं. पुढचं ताम्हणाआड गेलं, दिसत नाही."

मी तो तुकडा पुन्हा लावला. कितीदा लावला, ते आठवत नाही. तेवढेच शब्द. "कशी म्हणाली पण? वैतागून? का... का पोटातून? त्याला घ्या म्हणाली असेल, की गप्प करा म्हणाली असेल? तू वाचतेस ना? मग सांग मला!"

"ताई, ओठांवरून स्वर कळत नाही."

त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. "खोटं तरी सांग गं."

मला ते जमलं नाही. ताई रडल्या नाहीत, नुसतं "बरं" म्हणाल्या. त्यानंतरच्या प्रत्येक भेटीत मी दार उघडलं की पहिला प्रश्न तोच: "पुढचं दिसलं का काही?" मी तो तुकडा घरी मोठा करून, हळू करून बघितला होता. ताम्हण ते ताम्हणच. शेवटी शेवटी त्या जेवेनाशा झाल्या. नर्सने विचारलं, काही हवंय का, तर मराठीतच बोलत राहिल्या.

खोली रिकामी करायला मीच गेले. साड्या, गणिताची पुस्तकं, नवऱ्याचा कोट. टीव्ही बंद करायचा म्हणून रिमोट उचलला, तर पडद्यावर तोच तुकडा अडकून उभा होता. चुकून भलतंच बटण दाबलं गेलं आणि कुठल्यातरी बातम्या लागल्या. माझ्या तळपायांखाली जमीन हादरली, खिडकीची काच थरथरली, आणि केअर असिस्टंट कानांवर हात ठेवून धावत आली. शेवटचे कितीतरी आठवडे ताई रोज तो मूकपट लावून बसायच्या, तिने सांगितलं, आणि दुसरं काही लागलं की दणका बसेल म्हणून आम्ही आवाज कमी केला की चिडायच्या.

मी रिमोटवरचं आवाजाचं बटण दाबून पडद्याकडे बघितलं. आवाजाची पट्टी अगदी शेवटपर्यंत भरलेली होती.